पहिलं झाड कुणाचं

४ नोव्हेंबर, रीगा

राजदूत हेली वाइनो यांनी सकाळी बोलावून घेतलं. मला वाटलं हेरिंगचं काहीतरी असणार. इथल्या आमच्या एस्टोनियन दूतावासात मासळीचं जे काही येतं ते माझ्याच टेबलावर येतं. पण विषय झाडाचा निघाला.

भांडण जुनंच आहे. पहिलं नाताळचं झाड आमच्या राजधानीत, ताल्लिनच्या चौकात उभं राहिलं, चौदाशे एक्केचाळीस साली. हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. रीगावाले, म्हणजे लाटवियन, म्हणतात पहिलं त्यांचं, पंधराशे दहा सालचं. ज्याला वजाबाकी येते त्याच्यासाठी विषय इथेच संपायला हवा, पण त्यांचं म्हणणं असं की आमचं ते नुसतं झाड होतं, त्यांच्या झाडाला सजावट होती. झाडाभोवती नाचून झाल्यावर दोन्हीकडच्या लोकांनी आपापलं झाड पेटवून दिलं म्हणतात, यावर मात्र एकमत आहे.

यंदा रीगातल्या कुणीतरी जाहिरात काढली: 'झाडं अनेक, पहिलं एक.' ताल्लिनच्या एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर उत्तर दिलं: 'एकोणसत्तर वर्षं उशिरा आलात, तरी स्वागत आहे.' मग दोन्हीकडचे नगरसेवक बोलले. नगरसेवक बोलले की खासदारांना बोलावं लागतं.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण १० डिसेंबरला आमचे आणि त्यांचे परराष्ट्रमंत्री तार्वा गावात रुग्णवाहिकेच्या करारावर सह्या करणार आहेत. तार्वा हे एकच गाव, मधल्या रस्त्याने दोन देशांत वाटलेलं. आम्ही तार्वा म्हणतो, ते तार्वे. इस्पितळ आमच्या बाजूला आहे. त्यांच्या बाजूच्या माणसाची छाती दुखली तर त्याला खिडकीतून इस्पितळ दिसतं, पण गाडी त्याला पन्नास किलोमीटरवर त्यांच्या इस्पितळात नेते. करार झाला की हे थांबेल. आता दोन्ही खासदार म्हणतात, झाडाचा निकाल लागल्याशिवाय सह्या नाहीत.

म्हणून तोडगा निघालाय: सीमेच्या बरोबर मध्यावर दोघांचं मिळून एक झाड, आणि त्याखाली दगडावर कोरलेलं एक वाक्य. ते वाक्य मी ठरवायचं, लाटवियाच्या प्रतिनिधीबरोबर बसून.

"मीच का?" मी विचारलं.

"हेरिंगच्या वाटाघाटीत तुम्ही समोरच्यांना इतकं दमवलंत की ते शेवटी हो म्हणाले," वाइनोबाई म्हणाल्या.

ही स्तुती होती असं मी धरतो.

७ नोव्हेंबर

पहिली बैठक, त्यांच्या कचेरीत. समोर एकच बाई: लिगिता श्त्राउत्माने, सांस्कृतिक खात्यातल्या. वय पन्नाशीच्या आसपास, गळ्यात हिरवा रुमाल. टेबलावर माझ्या नावाची पाटी होती: 'आइवार्स सार्नेत्स'. कुठल्याही पुरुषाच्या नावाला शेवटी 'स' चिकटवल्याशिवाय हे लोक त्याला दारातून आत घेत नाहीत.

"माझं नाव आइवार सार्नेत," मी शांतपणे म्हणालो.

"ठाऊक आहे. पण 'स' नसला की आमच्या व्याकरणात तुम्ही पुरुष ठरत नाही."

"मग कोण ठरतो?"

"अर्धवट," त्या म्हणाल्या आणि चहा ओतू लागल्या.

मी निषेध नोंदवला. त्यांनी तो लिहून घेतला.

आम्ही इंग्रजीत बोलतो. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आमची येत नाही. शेजारी राहून एकमेकांचं अक्षरही कळू द्यायचं नाही, ही गोष्ट दोन्ही देशांनी फार निगुतीने सांभाळली आहे. बैठकीच्या दृष्टीने ती सोयीचीही आहे. मधेच उर्वेचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, तार्तूहून फोन आला. ती निवृत्त झाल्यापासून रोज करते. बाहेर बोळात गारठा होता, म्हणून मी तिथेच खिडकीपाशी उभा राहून बोललो.

"कशी आहे बाई?" उर्वेने विचारलं.

"हुशार दिसते. बोलते कमी, लिहिते जास्त. हसू दाबलं की डाव्या गालाला खळी पडते."

"खळी?"

"समोरच्या पक्षाचं निरीक्षण करावं लागतं, उर्वे. तो कामाचा भाग आहे."

"आणि पायाला बोटं किती?"

लाटवियन माणसाच्या पायाला सहा बोटं असतात, हा आमच्याकडचा पणजोबांपासूनचा विनोद. "सहाच असणार," मी म्हणालो. "बघायची गरज नाही."

मागे श्रीमती श्त्राउत्माने यांना जोराचा ठसका लागला. मी माणुसकीने पाण्याचा पेला पुढे केला.

११ नोव्हेंबर

दुसरी बैठक. श्रीमती श्त्राउत्माने आल्या, बसल्या, बूट काढले आणि मोज्यांतले पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. मोजे पातळ होते. मी नाइलाजाने बोटं मोजली. पाचच आहेत, दोन्हीकडे.

बैठकीत पाय वर घ्यायची इथे रीत असावी. पुढच्या वेळी मीही बूट काढावेत का, ते प्रोटोकॉलवाल्यांना विचारायला हवं.

वाक्यात प्रगती नाही. त्यांना 'सजवलेलं' हा शब्द हवा, मला 'पहिलं' हवा. दोन्ही घेतले तर रीगा जिंकते, दोन्ही वगळले तर झाड कशाचं तेच कळत नाही.

१४ नोव्हेंबर

इथे काहीतरी शिजतंय.

मागच्या बैठकीत मी फोनवर उर्वेला म्हणालो की चर्चा बरी चालली आहे, पण हे लोक प्रत्येक वेळी शहाजिरं घातलेलं चीज पुढे करतात आणि ते माझ्या दातात अडकतं. आज चीज नव्हतं. त्याजागी काळ्या पावावर खारवलेली किलू मासळी, वर उकडलेलं अंडं, अगदी ताल्लिनमध्ये करतात तशी. शिवाय मी घसा बसल्याची तक्रार केली होती, तीही उर्वेकडेच. आज माझ्या खुर्चीपुढे मध आणि गरम काळ्या मनुकांचं सरबत.

हे त्यांना कळलं कसं? मी माझ्या कोटाचं अस्तर तपासलं. फोन उघडून पाहिला, बॅटरी काढली, घातली. काही नाही. दिव्याखाली हात घालून पाहत असताना श्रीमती श्त्राउत्माने आत आल्या आणि काही हरवलंय का म्हणाल्या. मी म्हणालो, चष्मा. तो माझ्या डोळ्यांवर होता.

१५ नोव्हेंबर

राजदूतांना रीतसर कळवलं: आपल्याकडून माहिती फुटते आहे.

"हे सगळं तुम्ही बोललात कुठे?" वाइनोबाईंनी विचारलं.

"बैठकीच्या खोलीतच. पण एस्टोनियनमध्ये. त्यामुळे तिथून फुटायचा प्रश्नच येत नाही."

बाई बराच वेळ खिडकीतून नदीकडे पाहत राहिल्या. खांदे किंचित हलत होते. थंडी असावी.

"सार्नेत," अखेर त्या म्हणाल्या, "तुम्ही आहे तसंच चालू ठेवा. काहीही बदलू नका."

म्हणजे सापळा लावायचं ठरलेलं दिसतं. मला विश्वासात घ्यायला हवं होतं, पण वरिष्ठांची पद्धत असते.

२१ नोव्हेंबर

मोठी प्रगती. हे श्रेय मी स्वतःकडे घेतो, कारण दुसरं कुणी घेण्यासारखं नाही.

दुपारी चर्चा अडली तेव्हा मी खिडकीपाशी जाऊन राजदूतांना फोन लावला आणि आपली शेवटची मर्यादा विचारून घेतली: सालं दोन्ही सोडायला हरकत नाही, झाड त्यांच्या जंगलातलं आलं तरी चालेल, फक्त वाक्यात ताल्लिनचं नाव आधी यायला हवं. फोन ठेवून वळलो तर श्रीमती श्त्राउत्माने म्हणाल्या, "मी विचार करत होते. सालं काढून टाकू या. झाड आमच्या जंगलातलं घेऊ. आणि ताल्लिनचं नाव आधी येऊ द्या, तुमच्याकडचे लोक जरा हळवे आहेत."

मी चेहरा कोरा ठेवला. मी म्हणालो, विचार करावा लागेल. पाच मिनिटं विचार केला आणि मान्य केलं. याला म्हणतात समोरच्याला न कळू देता आपल्या जागी आणून बसवणं.

उर्वेला सांगितलं. ती म्हणाली, "तिने मागितलं काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग ती एकतर मूर्ख आहे, नाहीतर..."

"मूर्ख नाही," मी म्हणालो. "अजिबात नाही. आज तिने तो हिरवा रुमाल घातला नव्हता. मला वाटतं घालायला हवा होता."

"आइवार, तू माझ्याशी झाडाबद्दल बोलतोयस ना?"

मी म्हणालो बैठक सुरू होतेय. श्रीमती श्त्राउत्माने खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधत होत्या, त्यांचे कान लाल झाले होते. हीटर कमी करायला सांगितलं.

२५ नोव्हेंबर

हिरवा रुमाल होता. विशेष काही घडलं नाही.

२८ नोव्हेंबर

सगळं फिसकटलं. ताल्लिनहून कळवलं की 'पहिलं' हा शब्द नसेल तर वाक्यच नको. रीगानेही त्यांच्या बाईंना तेच कळवलं, वर 'सजवलेलं' हवंच अशी अट. आमच्याकडच्या खासदाराने दूरदर्शनवर सांगितलं की राष्ट्राचा इतिहास पाट्यावर वाटून द्यायला ही काही मोहरी नाही. करार गेला तर?

श्रीमती श्त्राउत्माने यांनी पहिल्यांदाच कागद बाजूला सारले. "माझी मावशी तार्वेत राहते," त्या म्हणाल्या. "रस्त्याच्या आमच्या बाजूला. मागच्या हिवाळ्यात घसरून पडली. इस्पितळातली परिचारिका खिडकीतून तिच्याकडे बघत होती, मावशी तिला हात करत होती. मग आमची गाडी आली आणि तिला पन्नास किलोमीटर घेऊन गेली. मोडलेला खुबा घेऊन, त्या रस्त्याने."

मी म्हणालो, आमच्या बाजूचा रस्ता बरा आहे.

हे म्हणायला नको होतं. पण त्या रागावल्या नाहीत. "म्हणूनच तर," एवढंच म्हणाल्या.

घरी आल्यावर उर्वेचा फोन मी घेतला नाही.

८ डिसेंबर, तार्वा

वाक्याविना आलो. दगड आणलाय, पाथरवट छिन्नी घेऊन बसलाय आणि दर तासाला विचारतो, "साहेब, ठरलं का?"

झाड आलं. तीन माणसं उंच, दाट, सुरेख; लाटवियन आहे हे मान्य करूनही. दोन्ही देशांच्या मोजणीदारांनी मिळून रस्त्यावर रेघ मारली आणि बुंधा बरोबर रेघेवर बसवला. मी मात्र दुरून पाहिलं तेव्हा शेंडा त्यांच्या बाजूला झुकल्यासारखा वाटला. कुणाला काही बोललो नाही. उद्या स्वतः खात्री करेन.

१० डिसेंबर, तार्वा, इस्पितळ

काल लिहिता आलं नाही. पाय प्लास्टरमध्ये आहे. जे झालं ते क्रमाने लिहितो.

काल दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी गवंड्याकडून ओळंबा मागून घेतला, शिडी लावली आणि वर चढलो. ओळंबा सोडला. माझा संशय खरा होता: शेंडा वीतभर लाटवियात होता. दुसऱ्या दिवशी त्यावर तारा लागणार होता, म्हणजे तारा अख्खा त्यांचा. मी शेंडा धरून आपल्या बाजूला ओढू लागलो.

"खाली उतरा, सार्नेतसाहेब," खालून श्रीमती श्त्राउत्माने यांचा आवाज आला.

"दोन मिनिटं," मी म्हणालो. आणि झाडाने, जे इतका वेळ माझ्याबरोबर येत होतं, अचानक आपला विचार बदलला. ते सरळ झालं. मी लाटवियात पडलो.

घोट्यातून आवाज आला तो मी स्वतः ऐकला. इस्पितळ समोरच होतं. दारात उभं राहून सिगरेट ओढणारा डॉक्टरही दिसत होता. आमची रुग्णवाहिका आली आणि रेघेपाशी थांबली. चालक खाली उतरला, रेघ पाहिली, मला पाहिलं. "साहेब, तुम्ही पलीकडे आहात," तो खेदाने म्हणाला. तेवढ्यात त्यांची रुग्णवाहिका आली. ती मला न्यायला तयार होती, पन्नास किलोमीटरवर. दोन्ही चालकांनी हात मिळवले. ते एकमेकांना ओळखत असावेत. मग ते हातवारे करून चर्चा करू लागले. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती आणि दोघांचंही बरोबर होतं.

तेव्हा श्रीमती श्त्राउत्माने पुढे झाल्या आणि आमच्या चालकाला म्हणाल्या, "काय बघत उभा राहिलास? झाड ज्या ताडपत्रीवर आणलं ती ओढ इकडे. आधी माणूस उचला, देश मागाहून बघू. आणि तुम्ही, आइवार, पाय हलवू नका, गप पडून राहा."

हे त्या एस्टोनियनमध्ये म्हणाल्या. पुस्तकी नाही, दक्षिणेकडच्या बायका बाजारात बोलतात तशी, स्वर लांबवून.

मला ताडपत्रीवर घेतलं आणि त्या, त्यांचा चालक आणि पाथरवट अशा तिघांनी मला ओढत रेघेपलीकडे आणलं. एस्टोनियात पोचताच आमच्या चालकाने अधिकृतपणे माझी चौकशी केली.

ओढत असताना कुणीतरी फोटो काढला.

मला वाटतं तिथे दुखण्याने डोळ्यांत पाणी आलं. पण त्या वेळी मी घोट्याचा विचार करत नव्हतो. मी खिडकीपाशी उभं राहून केलेल्या फोनांचा विचार करत होतो. एकेक आठवत गेलो. हिरव्या रुमालापर्यंत आलो आणि आठवणं थांबवलं.

१० डिसेंबर, संध्याकाळी

फोटो दोन्ही देशांच्या पहिल्या पानांवर आला. मंत्र्यांनी सकाळी करारावर सह्या केल्या; इतक्या घाईने की पेनाचं टोपण आमच्याच मंत्र्यांच्या खिशात राहिलं. खासदार कुठे दिसले नाहीत.

दगडाचं अनावरण ठरल्याप्रमाणे झालं. त्यावर काहीच कोरलेलं नव्हतं. मंत्र्यांनी कापड ओढलं, कोऱ्या दगडाकडे गंभीरपणे पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. ताल्लिनच्या बातम्यांत सांगितलं: आमचा दावा खोडता न आल्याने रीगाने दगड कोरा ठेवणं पसंत केलं. परिचारिकेने रीगाचं केंद्र लावलं आणि मला अर्थ सांगितला. तिथेही तेच सांगत होते, फक्त शहरांची नावं उलटी होती.

राजदूतांचा फोन आला. प्रकृतीची चौकशी झाल्यावर मी विचारलं, "आपल्याला माहीत होतं?"

"तुम्ही चीजचं सांगितलंत तेव्हापासून."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही स्वतः होऊन सगळं त्यांच्या कानावर घालत होतात आणि त्या त्याचा एकदाही गैरफायदा घेत नव्हत्या," वाइनोबाई म्हणाल्या. "इतकी सरळ वाटाघाट मी तीस वर्षांत पाहिली नव्हती. मोडवेना."

१३ डिसेंबर

श्रीमती श्त्राउत्माने दोनदा येऊन गेल्या म्हणतात. दोन्ही वेळा मी झोपलो होतो. खरं म्हणजे डोळे मिटून घेतले होते. काय तोंड दाखवणार?

१६ डिसेंबर

तार्तूहून उर्वे आली. कोट काढायच्या आत म्हणाली, "ती खळीवाली कुठे आहे?"

ती दारातच होती. हातात बशी आणि बशीवर फडकं झाकलेलं. या वेळी डोळे मिटायला उशीर झाला होता.

पुढचा सबंध वेळ त्या दोघी माझ्या पलंगाच्या दोन बाजूंना बसून बोलत होत्या, आमच्या भाषेत, माझ्या अंगावरून. मी तिथे नव्हतोच. लिगिताची (आता श्रीमती लिहिणं फार लांबलचक होतं) आजी रस्त्याच्या आमच्या बाजूची. लहानपणी सगळे उन्हाळे तिच्याकडे गेले, म्हणून भाषा आली.

"मग पहिल्याच दिवशी सांगायचं नाही का?" उर्वेने विचारलं.

"सांगणारच होते. पण यांनी सहा बोटांचं काढलं. म्हटलं आधी तो हिशेब चुकता करू. मग दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड झालं आणि त्यानंतर..." ती जरा थांबली. "त्यानंतर मला फोनची वाट बघायची सवय लागली."

"तो लहानपणापासून असाच. माणसाच्या तोंडावर एक चांगला शब्द बोलणार नाही. मला पत्रात लिहायचा."

"पाठीमागून फार चांगलं बोलतात."

"तुझा हा हिरवा रुमाल छान आहे गं. फोनवर मला तो जरा गडद वाटला होता."

मी म्हणालो, "मी इथे आहे."

"हो, हो, पड तू," उर्वे म्हणाली.

मग लिगिता तिला म्हणाली, "त्यांना विचाराल का, डॉक्टर सोडणार कधी? नव्या वर्षाच्या आदल्या दिवशी मावशीकडे करडे वाटाणे आणि डुकराचं मांस असतं. एकही वाटाणा उरू द्यायचा नसतो, नाहीतर वर्षभर रडावं लागतं. मावशीला आणि मला एवढे संपत नाहीत."

"समोरच आहे की. तूच विचार."

"मला त्यांच्याशी थेट बोलायची सवय नाही," लिगिता म्हणाली. "आमचं सगळं तुमच्यामार्फतच झालंय."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी घसा साफ केला. तार्वाचा प्रश्न निकालात निघाला असताना ही भेट नेमकी कोणत्या संदर्भात आहे, विषयपत्रिका काय, कोण कोण उपस्थित राहणार, असं मी विचारलं. लिगिताने उर्वेकडे पाहिलं. उर्वेने छताकडे पाहिलं.

"विषय वाटाणे," लिगिता म्हणाली.

मी म्हणालो, येईन.

२९ डिसेंबर

डॉक्टरांनी कुबड्या दिल्या. रस्ता ओलांडायला हरकत नाही म्हणाले, फक्त शिडीवर चढू नका.

उर्वेने फुलं आणून ठेवली आहेत. ती मी पुन्हा पुन्हा मोजतो आहे. फुलं विषम संख्येतच न्यायची असतात, सम संख्या अंत्ययात्रेला. पाच आहेत. काय बोलायचं ते ठरवावं म्हणून टिपण करायला बसलो होतो. मुद्दे तीन निघाले आणि तिन्ही हवामानाचे. ते फाडून टाकले.

मावशीचं घर खिडकीतून दिसतं. मगाशी तिथे कुणीतरी पडदा बाजूला करून हात हलवला. मावशी असावी. तिला मला ओळखायचं काही कारण नाही, तरी मीही हलवला.